भिंतीवर नसलेली ७४ नावं: फ्रँक इव्हान्स जहाजाचा वाद नेमका काय आहे?

दरवर्षी ३ जून जवळ आला की अमेरिकेतल्या नौदलाच्या माजी सैनिकांमध्ये एक जुना विषय परत निघतो आणि बाहेरून वाचणाऱ्याला त्यातलं फारसं काही कळत नाही. यूएसएस फ्रँक ई. इव्हान्स हे अमेरिकन लढाऊ जहाज एका विमानवाहू नौकेशी टक्कर होऊन बुडालं १९६९ साली, माणसं गेली ७४, तेव्हा व्हिएतनामचं युद्ध जोरात चालू होतं, जहाज त्याच युद्धातून आलेलं होतं आणि परत तिकडेच जाणार होतं. तरी वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीवर त्या ७४ पैकी एकाचंही नाव नाही. का नाही? कोणी मुद्दाम गाळलं का? की ते युद्धात गेलेच नाहीत असं समजायचं? उत्तर एका सरकारी कागदात आहे, पण तिथपर्यंत जायला आधी जहाज, भिंत आणि समुद्रावरची एक रेषा समजून घ्यावी लागते.

आपला याच्याशी संबंध काय असं वाटेल. अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेले कितीतरी आईबाबा वॉशिंग्टन बघताना ही भिंत बघून येतात, फोटोही काढतात, पण तिचा काळा ग्रॅनाइट बंगळुरूकडच्या खाणीतून गेलेला आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. आणि ज्या विमानवाहू नौकेशी या जहाजाची टक्कर झाली ती एचएमएएस मेलबर्न ही आपल्या पहिल्या आयएनएस विक्रांतच्या वर्गातली, मॅजेस्टिक वर्गातली. दोन्हींचं बांधकाम दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सुरू झालं, युद्ध संपल्यावर दोन्ही अर्धवट पडून राहिल्या, मग एक १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल झाली आणि एक १९६१ मध्ये आपल्या. निवृत्तीनंतर विक्रांत मुंबईत म्युझियम होती तेव्हा तिच्या डेकवर जे उभे राहिलेत त्यांनी मेलबर्न केवढी असेल याचा अंदाज तिथूनच बांधावा.

## आधी भिंत समजून घेऊ

हे स्मारक १९८२ मध्ये उघडलं. आराखडा माया लिन यांचा, त्या तेव्हा येल विद्यापीठात शिकत होत्या. भिंतीवर ५८ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. कोणाचा हुद्दा नाही, पदक नाही, गाव नाही, फक्त नाव. क्रम मृत्यूच्या तारखेनुसार लावलाय, म्हणजे एकाच दिवशी गेलेले शेजारी शेजारी येतात. मला या स्मारकाची सगळ्यात मोठी ताकद हीच वाटते, कारण एखादा माजी सैनिक तिथे जातो तेव्हा त्याला स्वतःच्या तुकडीचा तो एक दिवस एका जागी सापडतो, त्याच्या बाजूला गेलेली सगळी माणसं तिथे एकत्र असतात.

आता याच क्रमात ३ जून १९६९ ही तारीख आहे, त्या दिवशी गेलेल्या इतरांची नावं आहेत आणि इव्हान्सचे ७४ जण त्यात नाहीत.

## त्या रात्री समुद्रात काय झालं

यूएसएस फ्रँक ई. इव्हान्स ही विनाशिका होती. विनाशिका म्हणजे वेगानं पळणारी, मोठ्या जहाजांच्या आजूबाजूला राहून त्यांचं रक्षण करणारी लढाऊ नौका. १९४५ पासून सेवेत, म्हणजे तोपर्यंत बरीच जुनी झालेली. त्या फेरीत ती व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ राहून जमिनीवरच्या सैनिकांच्या मदतीला तोफा डागत होती. मग तिला तात्पुरतं एका सरावासाठी बोलावलं, सरावाचं नाव सी स्पिरिट. सराव होता सीटोचा, सीटो म्हणजे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड, थायलंड, फिलिपिन्स वगैरे देशांची त्या काळची आग्नेय आशियासाठीची संरक्षण संघटना. मेलबर्न मध्ये आणि तिच्याभोवती अमेरिकन, ब्रिटिश, न्यूझीलंडची मिळून पाच रक्षक जहाजं अशी ती मांडणी होती. जागा दक्षिण चीन समुद्रात, मनिलापासून नैऋत्येला सुमारे ६५० मैलांवर.

विमानवाहू नौकेवरून विमान उडायचं असेल तेव्हा एक विनाशिका तिच्या मागे येऊन थांबते, विमान पाण्यात पडलंच तर वैमानिकांना पटकन उचलता यावं म्हणून. या कामाला प्लेन गार्ड म्हणतात. ३ जूनला पहाटे तीनच्या सुमारास मेलबर्नवरून एक विमान सोडायचं होतं म्हणून इव्हान्सला सांगितलं, मागे या. त्याआधी तिनं हेच काम चार वेळा नीट केलेलं होतं.

पाचव्यांदा काय चुकलं ते असं समजा. तुम्ही स्कूटरवर आहात, मागून एक भलामोठा ट्रक येतोय आणि तुम्ही त्याच्या पुढे, जरा डावीकडे आहात. तुम्हाला त्याच्या मागे जायचंय. तर तुम्ही आणखी डावीकडे बाहेर पडणार, ट्रकला पुढे जाऊ देणार आणि मग मागे येणार. पण अंधारात तुमची समजूत झाली की आपण ट्रकच्या उजवीकडे आहोत, तर तुम्ही उजवीकडे बाहेर पडायला जाल आणि थेट त्याच्या तोंडापुढे याल. इव्हान्सच्या पुलावर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, ड्यूटीवर असलेल्या दोन तरुण अधिकाऱ्यांचं हेच झालं. मेलबर्न कुठल्या दिशेनं चाललीय याचा त्यांचा हिशोब चुकला, आपण तिच्या उजव्या अंगाला आहोत असं ते धरून चालले होते आणि प्रत्यक्षात डाव्या अंगाला होते. कॅप्टन खाली झोपलेले, असं वळण घेताना त्यांना उठवायचा नियम होता, उठवलं नाही.

मेलबर्नवरून रेडिओवर सांगितलं की तुम्ही टकरीच्या मार्गावर आहात. मग मेलबर्ननं जोरात डावीकडे वळवलं आणि त्याच सुमाराला इव्हान्सनं जोरात उजवीकडे, त्यामुळे दोघी एकमेकींपासून लांब जायच्या ऐवजी जवळच आल्या. सुमारे २० हजार टनांच्या नौकेनं विनाशिका मधोमध कापली. पुढचा अर्धा भाग काही मिनिटांत बुडाला. पहाटेची वेळ, माणसं झोपलेली, पुढच्या भागात होते त्यातले बहुतेक बाहेर येऊच शकले नाहीत. मागचा अर्धा भाग तरंगत राहिला, मेलबर्नच्या लोकांनी तो दोर टाकून स्वतःच्या जहाजाला बांधला आणि त्यावरच्या माणसांना वर घेतलं. पाण्यात पडलेले जे जिवंत होते ते सगळे अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढले, ही त्या रात्रीची एकच चांगली गोष्ट. २७३ पैकी १९९ वाचले. गेलेल्या ७४ जणांपैकी फक्त एकाचा मृतदेह मिळाला.

त्या ७४ मध्ये नेब्रास्कातल्या निओब्रारा नावाच्या छोट्या गावचे सेज आडनावाचे तीन सख्खे भाऊ होते, तिघंही त्याच एका जहाजावर. १९४२ मध्ये जुनो जहाजावर सलिव्हन घराण्यातले पाच भाऊ गेले होते, त्यानंतर अमेरिकन नौदलात एकाच घरावर एवढा मोठा घाव पडला नव्हता. आणखी एका घरातले बाप आणि मुलगा दोघंही इव्हान्सवर होते, वडील वाचले, मुलगा गेला. हे वाचल्यावर नियम, निकष वगैरे शब्द घशात अडकतात, पण नियम बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

## मेलबर्नची चूक होती का?

हा प्रश्न लोक हमखास विचारतात, कारण याआधी १० फेब्रुवारी १९६४ ला हीच मेलबर्न ऑस्ट्रेलियाच्याच व्हॉयेजर या विनाशिकेला जर्व्हिस बेजवळ धडकली होती आणि त्यात ८२ जण गेले होते. तिथेही रात्र, तिथेही प्लेन गार्डची जागा घ्यायचं वळण, आणि तिथेही विनाशिकेचे दोन तुकडे. व्हॉयेजरसाठी ऑस्ट्रेलियाला एकाच घटनेवर दोन रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसवावी लागली, एवढा तो विषय पेटला होता.

म्हणून तर मेलबर्नचे कॅप्टन जॉन स्टीव्हन्सन फार जपून होते. सरावाआधी त्यांनी रक्षक जहाजांच्या कॅप्टनांना जेवायला बोलावून व्हॉयेजरची सगळी हकिगत सांगितली, आमच्याजवळ येताना सांभाळा म्हणून. इव्हान्सच्या आधी काही दिवस लार्सन ही दुसरी अमेरिकन विनाशिका अशीच अगदी थोडक्यात वाचली होती, म्हणून त्या रात्री त्यांनी मेलबर्नचे दिवे पूर्ण प्रखर ठेवायला लावले होते. एवढं करूनही ऑस्ट्रेलियन नौदलानं त्यांना कोर्ट मार्शलला उभं केलं. निर्दोष सुटले, पण त्यांनी नौदल सोडलं. २०१२ मध्ये, म्हणजे तब्बल ४३ वर्षांनी, ऑस्ट्रेलियाच्या संरक्षणमंत्र्यांनी त्यांना दिलगिरीचं पत्र पाठवलं. अमेरिकेकडे इव्हान्सचे कॅप्टन आणि ते दोन अधिकारी कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरले.

हे इथे सांगायचं कारण एवढंच की चूक पुलावरच्या दोन-तीन माणसांची होती. खाली झोपलेल्यांचा त्यात काही दोष नव्हता आणि भिंतीचा प्रश्न त्यांचा आहे.

## मग भिंतीवर नाव कोणाचं येतं?

भिंत राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात असली तरी नाव घालायचं की नाही हे अमेरिकेचं संरक्षण खातं ठरवतं. थोडक्यात नियम असा: माणूस व्हिएतनामच्या युद्धक्षेत्रात गेलेला असावा, किंवा तिथे झालेल्या जखमेनं नंतर गेलेला असावा, किंवा युद्धक्षेत्राबाहेर गेला असेल तर तिथल्या लढाईच्या मोहिमेवर जाताना, येताना किंवा तिला थेट मदत करताना गेलेला असावा.

युद्धक्षेत्र हा इथला कळीचा शब्द. नकाशावर अक्षांश-रेखांशांचे काही बिंदू घेऊन ते रेषांनी जोडले, आतला समुद्र आणि जमीन म्हणजे युद्धक्षेत्र. इव्हान्स बुडाली ती जागा या रेषेच्या साधारण शंभर मैल बाहेर आहे. आणि ती सरावात होती, लढाईच्या मोहिमेवर नव्हती. म्हणून खात्याचं म्हणणं, निकषात बसत नाही.

इथवर वाचून वाटेल की ठीक आहे, नियम म्हणजे नियम. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण ही रेषा आली कुठून ते बघा.

२४ एप्रिल १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एक आदेश काढला, क्रमांक ११२१६. त्या आदेशात ही हद्द आखून दिली आणि ती कशासाठी तर आयकरासाठी. अमेरिकेच्या आयकर कायद्यात युद्धक्षेत्रात काम करणाऱ्या सैनिकाच्या पगारावर सवलत आहे, ती कोणाला द्यायची हे ठरवायला कुठेतरी हद्द आखावी लागणार, ती या आदेशानं आखली. त्या कागदात स्मारक, शहीद, स्मृती यातलं काही नाही, असणं शक्यच नव्हतं, भिंत त्यानंतर १७ वर्षांनी आली. पगारातून किती कर कापायचा यासाठी ओढलेली रेषा पुढे कोणाचं नाव दगडात कोरायचं याची रेषा झाली. या सगळ्या वादात मला खुपतं ते नेमकं हे. रेषा आखणाऱ्यांचा काहीच दोष नाही, त्यांनी त्यांच्या कामापुरती ती बरोबरच आखली होती, पण ज्या प्रश्नाचा त्यांनी विचारच केला नव्हता त्याचं उत्तर तिच्याकडून मागितलं जातंय.

## “पण हा तर अपघात होता, शत्रूनं थोडीच मारलं”

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि त्याला उत्तर देणं सगळ्यात सोपं आहे. भिंतीवर अपघातात गेलेल्यांची नावं आहेत, आजारपणात गेलेल्यांचीही आहेत. २९ जुलै १९६७ ला टाँकिनच्या आखातात यूएसएस फॉरेस्टल या विमानवाहू नौकेच्या डेकवर उभ्या असलेल्या विमानातून त्यांचंच एक रॉकेट चुकून सुटलं, आग लागली, बाँब फुटले आणि १३४ जण गेले. शत्रूचा त्यात काही संबंध नव्हता. त्यांची नावं भिंतीवर आहेत, असायलाच हवीत. फरक एवढाच की फॉरेस्टल रेषेच्या आत होती.

म्हणजे अपघात की लढाई हा मुद्दा नाहीच, सगळा प्रश्न जागेचा आहे.

## “एकदा रेषा ओलांडली की मग थांबणार कुठे?”

हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो करणारी माणसं निष्ठुर आहेत असं मी म्हणणार नाही. त्या वर्षांत जपानमध्ये, फिलिपिन्समध्ये, अमेरिकेतल्या ट्रेनिंगमध्ये, वाटेतल्या समुद्रात कितीतरी सैनिक गेले आणि त्यातले बरेच व्हिएतनामला जाणारे किंवा तिथून आलेले होते. इव्हान्सला घेतलं तर त्यांच्या घरच्यांना काय सांगणार? कुठेतरी थांबावं लागणार आणि जिथे थांबू तिथे कोणावर तरी अन्याय होणारच, म्हणून सगळ्यांना एकच नियम लावा, असं खात्याचं म्हणणं आहे.

पण अपवाद आधीच झालेला आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये हाँगकाँगहून निघालेलं एक लष्करी विमान उडतानाच कोसळलं, त्यात सुट्टी संपवून व्हिएतनामला परत चाललेले मरीन सैनिक होते. हाँगकाँग रेषेच्या बाहेर, तेही सुट्टीवरून येताना. नियमाप्रमाणे त्यांची नावं बसत नव्हती. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सांगण्यावरून ती भिंतीवर आली. त्यामागचा विचार साधा होता, माणूस युद्धातून थोडा वेळ बाहेर आला आणि परत युद्धातच चालला होता, मधल्या वेळात गेला म्हणून तो युद्धाबाहेरचा होत नाही.

हाच विचार इव्हान्सला लावून बघा. त्या फेरीत ती किनाऱ्यावर तोफा डागून आली होती आणि सराव संपला की परत तिथेच जाणार होती. सराव तिनं स्वतःहून निवडलेला नव्हता, हुकूम आला म्हणून गेली. आणि या कसोटीत दरवाजा सताड उघडतही नाही, कारण लढाईच्या कामातून तात्पुरतं काढलेलं आणि परत त्याच कामावर जाणारं जहाज अशी अट घातली तर अमेरिकेतल्या ट्रेनिंगमधले अपघात तिच्यात येत नाहीत. म्हणून थांबणार कुठे याचं उत्तर देता येतं असं माझं मत आहे, फक्त ते नकाशावर बोट ठेवून मिळणार नाही, प्रत्येक जहाजाची फेरी तपासून बघावी लागेल.

## “भिंतीवर जागा तरी आहे का?”

ही अडचण खरी आहे. नावं तारखेनुसार असल्यामुळे १९६९ च्या जूनमध्ये एकदम ७४ नावं घुसवता येत नाहीत, ओळी भरलेल्या आहेत. अधूनमधून एखाद-दुसरं नाव वाढतं तेव्हा ते त्या तारखेच्या जवळ रिकामी जागा शोधून कोरतात. ७४ साठी तशी जागा सापडणं कठीण, काही पॅनेल बदलावी लागतील किंवा वेगळा उपाय काढावा लागेल. पण कोणाचं नाव असावं हे आधी ठरवायचं आणि दगडाचं काम नंतर बघायचं, असा क्रम पाहिजे. दगडाची अडचण पुढे करून पहिला प्रश्न सोडून देणं मला पटत नाही.

काही जण सुचवतात की भिंतीशेजारी वेगळी पाटी लावा. तशी एक पाटी तिथे आहे, युद्धातून घरी आल्यावर त्याच्या परिणामांनी पुढे गेलेल्यांसाठी. पण इव्हान्सच्या लोकांना ते नको आहे आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, ते नंतर गेले नाहीत, ते त्या जूनमध्येच गेले.

## “इतर ठिकाणी स्मारकं आहेत ना, मग याच भिंतीचा हट्ट का?”

आहेत. निओब्राराला त्या तीन भावांचं स्मारक आहे, समुद्रापासून खूप आत, सगळीकडे शेतं असलेल्या भागात. कॅलिफोर्नियातलं लाँग बीच हे इव्हान्सचं घरचं बंदर, तिथेही ७४ जणांची आठवण जपलेली आहे. ऑस्ट्रेलियात हस्किसन या किनाऱ्यावरच्या गावात व्हॉयेजर मेमोरियल पार्क आहे. त्या ८२ जणांतले चीफ पेटी ऑफिसर जोनाथन रॉजर्स बुडत्या पुढच्या भागात अडकलेल्यांना धीर देत, प्रार्थना म्हणत शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिले, त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

पण व्हॉयेजर शांततेच्या काळात बुडाली आणि तिला तसंच लक्षात ठेवलं जातं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. इव्हान्सची गोष्ट वेगळी. गावातलं स्मारक सांगतं की ही आमची मुलं होती. वॉशिंग्टनची भिंत सांगते की ही माणसं या युद्धात गेली, आणि ते देश सांगत असतो. हे दुसरं वाक्य त्यांच्याबद्दल अजून कोणी अधिकृतपणे म्हटलेलं नाही. घरच्यांना पहिलं मिळालंय, ते दुसरं मागताहेत.

## आता पुढे काय होऊ शकतं

वाचलेले नाविक आणि गेलेल्यांचे नातेवाईक कित्येक वर्षं पाठपुरावा करताहेत. संरक्षण खात्यानं विनंती तपासून नकार दिला. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, विधेयकं आली, नॉर्थ डकोटाचे सिनेटर केविन क्रेमर यांनी २०१९ मध्ये खास इव्हान्सच्या नावाचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी घटनेला ५० वर्षं झाली तेव्हाही नावं भिंतीवर नव्हती.

रस्ते तीन आहेत. खातं स्वतः अपवाद करू शकतं. काँग्रेस कायदा करून खात्याला नावं घालायला लावू शकते. किंवा एखादा राष्ट्राध्यक्ष रेगनसारखं थेट सांगू शकतो, आणि मला वाटतं झालं तर याच मार्गानं होईल, कारण खात्याला नियम सांभाळायचाय आणि काँग्रेसमध्ये असे विषय मोठ्या विधेयकांच्या पोटात शिरतात आणि शेवटच्या वाटाघाटीत बाहेर पडतात. तोपर्यंत वॉशिंग्टनला जाणारं कोणी हे वाचत असेल तर पश्चिमेकडच्या बाजूला १९६९ च्या जूनची पॅनेल आहेत, तिथे थांबा आणि सोबत असलेल्यांना इव्हान्सबद्दल सांगा.